चौऱ्याऐंशी पावलांवरचं दार

टिपणीस सरांनी माझ्या नकाशावर पट्टी ठेवली, लाल पेन्सिलीनं एक बारीक रेघ ओढली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारलं, "चारुशीला, या हॉटेलात उतरणारे साहेब लोक सूप हवेत बसून प्यायचे का?"

मी वाकून बघितलं. ती रेघ म्हणजे डोंगराचा कडा होता. मोजणी खात्याच्या जुन्या नकाशावरून सरांनी तो जसाच्या तसा उतरवला होता. आणि माझं जेवणघर, ज्याच्या एकेका खिडकीची चौकट मी दिवसदिवस बसून काढली होती, ते त्या रेघेच्या पलीकडे गेलं होतं. थोडंथोडकं नाही, अख्खं. त्याचं दारच मुळी एकोणीस फूट दरीत उघडत होतं. मागच्या बाकांवरची मुलं फिदीफिदी हसायला लागली आणि माझे कान तापले.

ही गोष्ट १९८३ च्या एप्रिलातली. मी वास्तुशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होते आणि प्रबंधासाठी मी माथेरानचं फेअरलॉन हॉटेल निवडलं होतं. निवडलं म्हणजे हट्टानं घेतलं होतं. बाकीच्यांनी उभ्या इमारती घेतल्या, मी जळून गेलेली घेतली. एका निवृत्त जहाजी कप्तानानं १८७२ साली चिऱ्याच्या भिंती आणि गवताचं छप्पर घालून बांधलेला एक बंगला, पुढे त्याला फुटलेली बारा खोल्यांची ओळ, मग गवताच्या जागी पत्रा, पत्र्याच्या जागी मंगलोरी कौलं, आणि सगळ्यांत शेवटी कड्याच्या बाजूला बांधलेलं मोठं जेवणघर. आगीच्या धास्तीनं स्वयंपाकघर मुद्दाम लांब ठेवलेलं होतं आणि तिथून जेवणघरापर्यंत एक झाकलेला बोळ होता. १९३१ च्या मे महिन्यात हॉटेल जळालं ते मात्र स्वयंपाकघरानं नाही, कुणा पाहुण्याच्या चिरुटानं. नकाशे आतच होते, तेही गेले. उरलेले चिरे गावानं आपापल्या घरांसाठी वाहून नेले. जागेवर राहिलं फक्त स्वयंपाकघराच्या दाराला लागून असलेलं दगडी धुराडं आणि भोवतीनं वाढलेलं रान.

मग हे जेवणघर मी काढलं कशावरून? तर धाकू आखाडे यांच्या सांगण्यावरून. धाकूबाबा फेअरलॉनमधले शेवटचे जिवंत वेटर. आग लागली तेव्हा वीस वर्षांचे होते, मला भेटले तेव्हा बहात्तर. मधली सगळी वर्षं त्यांनी स्टेशनावर पाहुण्यांचं सामान उचलण्यात काढली होती. स्वयंपाकघराच्या दारापासून जेवणघराच्या दारापर्यंत चौऱ्याऐंशी पावलं, हे त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं, आणि नंतर दहा वेळा विचारलं तरी ना एक कमी ना एक जास्त. मी शहाणी. मी त्यांना स्टेशनापासून पोस्टापर्यंत चालायला लावलं, मागून टेप घेऊन फिरले, पाऊल सव्वादोन फुटांचं भरलं. चौऱ्याऐंशी गुणिले सव्वादोन. एकशे एकोणनव्वद फूट. केवढी खूश झाले होते मी त्या दिवशी.

"हे बघ," सर म्हणाले, आणि आवाज खाली आणला, कारण माणूस मुळात चांगला होता, "म्हातारा माणूस आहे, सांगण्याच्या भरात सांगतो. 'माहिती देणाऱ्याचं वय झाल्यामुळे त्याची आठवण भरवशाची नाही' एवढं एक वाक्य लिही, जेवणघराची जागा कोरी सोड आणि पास हो."

किती सोपं होतं. पण मला ते जमेना, आणि त्याला कारण होतं. प्रबंधाचं पहिलं पान टाइप झालं तेव्हा मी ते धाकूबाबांना दाखवायला नेलं होतं. त्यांना वाचता येत नव्हतं. आपलं नाव कुठं आहे ते त्यांनी मला विचारलं, मी दाखवलं, तर त्यांनी त्या अक्षरांवर बोट ठेवलं आणि मी पुढचं सगळं पान वाचून होईपर्यंत ते काढलं नाही. त्याच कागदांच्या गठ्ठ्यात आता मी त्यांना खोटं पाडायचं? आधीच माथेरानात त्यांची ख्याती थापाड्या म्हणून होती. घोडेवाले त्यांना मुद्दाम छेडायचे, आज साहेबाला काय वाढलं म्हणून. मी सरांना सांगितलं, हे वाक्य मी लिहिणार नाही.

"वर्ष जाईल," सर म्हणाले.

"जाऊ दे."

सरांनी पट्टी उचलून खिशात घातली आणि म्हणाले, "सोमवारी प्रबंध द्यायचाय. रविवारी सकाळच्या गाडीनं मी माथेरानला येतो. मला ते दार दाखव, नाहीतर तिथल्या तिथे ते वाक्य लिही."

शनिवारी मी वर पोचले ती रागानं फणफणत. राग कुणाचा, म्हणाल तर त्या वेळी मला धाकूबाबांचाच आला होता. त्यांचं घर बाजाराच्या मागे, दोन खोल्यांचं, शेणानं सारवलेलं. मी पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही. तुमचं दार दरीत गेलं, सरांनी सगळ्यांदेखत माझी फजिती केली, सोमवारी माझं वर्ष जातंय, असं सगळं एका दमात बोलून टाकलं. धाकूबाबा उंबऱ्यावर बसून ऐकत होते. त्यांनी डोक्यावरचा रुमाल काढून गुडघ्यावर ठेवला.

बोलली ती येसूआजी, त्यांची बायको. चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. "मी पन्नास वर्सं सांगतेय, ह्यांचं काय मनावर घेऊ नका. म्हणे आठ बशा सूप घेऊन जायचो नि थेंब सांडत नसे. घरात पाण्याचा तांब्या आणताना अर्धा सांडवतात." तिचं हे नेहमीचंच होतं. नवऱ्यानं हॉटेलाचं नाव काढलं की तिला हटकून चुलीवरचं काहीतरी आठवायचं आणि ती उठून जायची. गोष्ट कधी पुरी ऐकायचीच नाही.

"मी खोटं बोललो नाय, बाय," धाकूबाबा एवढंच म्हणाले. मला एकदम लाज वाटली. माझं वर्ष फार तर पुन्हा करता येणार होतं, त्यांचं बहात्तर वर्षांचं नाव कुठून भरून आणायचं?

येसूआजीनं चहा केला. रागावून आलेल्या माणसाला रिकाम्या पोटी ठेवायचं नाही, एवढं ती बघायची. तीन कप एका जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, ताटलीत ठेवले आणि ती ताटली धाकूबाबांनी दोन्ही हातांनी छातीशी धरून माझ्याकडे आणायला घेतली. "बघा, निघाला नवरदेव," आजी मागून म्हणाली, "आता दुपारपर्यंत पोचंल."

मी बघितलं. खरंच बघितलं, म्हणजे पहिल्यांदाच. चूल ते उंबरा जेमतेम बारा फूट. मी ते पाच ढांगांत ओलांडते. धाकूबाबांनी त्याला आठ पावलं घेतली. पाठ ताठ, नजर कपांवर, पाऊल टाच न आपटता जमिनीसरशी पुढे सरकत होतं. स्टेशन रस्त्यावर माझ्यापुढे लांब टांगा टाकत चाललेला माणूस तो हा नव्हेच.

"धाकूबाबा," मी म्हणाले, "ती चौऱ्याऐंशी पावलं तुम्ही मोजलीत कधी? हातात काही नसताना?"

या शिकलेल्या मुलीला नक्की काय शिकवलंय, अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "रिकाम्या हातानं पावलं कोण मोजतंय, बाय?"

मी ताडकन उठले आणि चहा सगळा अंगावर घेतला. पुढचा अर्धा तास धाकूबाबा सांगत होते आणि मी लिहीत होते. मोठा ट्रे छातीशी धरला की आपले पाय आपल्याला दिसत नाहीत आणि नजर तर सुपावरच ठेवायची, म्हणून वेटरला पावलं मोजावीच लागत. साठाव्या पावलाला दोन पायऱ्या चढायच्या, चौऱ्याऐंशीव्याला पाठ करून दार ढकलायचं. मागून दुसरा वेटर येत असायचा, त्यामागे तिसरा, म्हणून सगळ्यांचं पाऊल सारखंच पडलं पाहिजे. गोव्याचे मिनीन नावाचे बटलर होते, त्यांनी स्वयंपाकघरामागच्या अंगणात बांबूच्या कामट्या आडव्या ठोकून ठेवल्या होत्या. नवा माणूस आला की महिनाभर पाण्यानं भरलेला ट्रे घेऊन त्या कामट्यांवरून चालायचा. पाऊल चुकलं की पोटरीवर छडी.

"दोन कामट्यांत अंतर किती होतं?"

"एक हात," धाकूबाबांनी कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत दाखवलं. "पायात मुरलंय ते. आता वेगळं पडायचंच नाय."

एक हात म्हणजे दीड फूट. चौऱ्याऐंशी गुणिले दीड, एकशे सव्वीस. मी नकाशा जमिनीवर पसरला आणि जेवणघर दरीतून ओढून मागे आणलं. दार, मग हॉल, मग व्हरांडा, आणि कडा अजून सहा फूट पुढे. सगळं बसलं. मी येसूआजीला मिठी मारली, तर ती म्हणाली, कागदावर बसलं म्हणजे काय झालं, कागद सोसतोय बिचारा. खरं होतं तिचं. सरांना कागद नको होता, दार हवं होतं.

मला त्याच पावली रानात पळायचं होतं. धाकूबाबा नको म्हणाले. उद्या तुझ्या सरांपुढंच, आणि एकदाच. शिवाय त्यांच्या अटी होत्या. ट्रे खरा पाहिजे, बशा खोलगट पाहिजेत, आणि आत पाणी चालणार नाही, गरम सूप पाहिजे, कारण अंगठ्याला चटका बसायची भीती असली तरच पाऊल नीट पडतं. ट्रे आणि आठ बशा मी बाजाराजवळच्या एका पारशी हॉटेलातून हातापाया पडून आणल्या. सुपाचं काय, म्हणून मी येसूआजीकडे बघितलं. साहेबाचं सूप तिला येत नव्हतं. "कुळथाचं कढण करीन," ती म्हणाली, "गरम असलं म्हणजे झालं ना?"

रविवारी सकाळी झुकझुक गाडीतून सर उतरले, डोक्याला टोपी, हातात शंभर फुटी टेप. आम्ही फेअरलॉनच्या रानात पोचलो तर तिथे निम्मं माथेरान जमलेलं. घोडेवाले, रिक्षा ओढणारे, दोन दुकानदार. थापाड्याची परीक्षा आहे म्हटल्यावर कोण घरी बसतंय? येसूआजी पातेलं डोक्यावर घेऊन आली, धुराड्याच्या दगडावर बसून तिनं आठ बशा काठोकाठ भरल्या आणि म्हणाली, "सांडलंत तर जेवायला मिळायचं नाय."

धाकूबाबांनी धुतलेला पांढरा सदरा घातला होता. त्यांनी ट्रे उचलला, एकदा श्वास घेतला आणि निघाले. मी बाजूनं मोठ्यानं मोजत होते. एक, दोन, तीन. पायाखाली लाल माती आणि जांभळाचा पाचोळा, पण ते फरशीवरून चालावं तसे चालत होते. पंचविसाव्या पावलाला समोर जांभळाचं चांगलं कवेत न मावणारं झाड आलं. बोळाच्या अगदी मधोमध. लोक हसायला लागले. धाकूबाबांनी झाडाकडे जरासं नाराजीनं बघितलं, म्हणाले, "हे तवा नव्हतं," आणि वळसा घालून बुंध्याच्या पलीकडे बरोबर सरळ रेषेत आले. मला म्हणाले, वळशाची पावलं धरू नको, बाय, झाडाच्या जाडीची दोन धर. मी मोजणं पुढे चालू केलं.

साठाव्या पावलाला त्यांनी गुडघा उचलला आणि नसलेल्या दोन पायऱ्या चढले. तेव्हा तर एक घोडेवाला हसून हसून खालीच बसला. मला रडू फुटायच्या बेतात होतं. चेहरा फक्त दोघांचा गंभीर होता, धाकूबाबांचा आणि, मला नवल वाटलं, येसूआजीचा. ती गर्दीच्या पुढे येऊन चालत होती आणि तिचे ओठ माझ्याबरोबर आकडे मोजत होते.

"त्र्याऐंशी. चौऱ्याऐंशी."

ते थांबले. पाठ फिरवली, खांद्यानं हवा ढकलली आणि म्हणाले, "हितं."

तिथे काही नव्हतं. पाचोळा होता, एक अंजनीचं झुडूप होतं. सरांनी धुराड्यापासून टेप लावला, दोन तुकड्यांत मोजला, आणि आकडा वाचला, "एकशे सव्वीस फूट, वर काही इंच." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "अंतर जुळलं. दार कुठाय?"

मी गुडघ्यांवर बसले आणि खुरप्यानं उकरायला लागले. माती मऊ होती. चार बोटं गेली, वीतभर गेली, काही लागेना. मागचं हसू हळूहळू बंद पडलं, आणि ते बंद पडणं हसण्यापेक्षा वाईट होतं. तेवढ्यात खुरपं खण्णकन वाजलं. मी हातांनी माती सारली. खाली काळा दगड होता. माथेरानात सगळा तांबडा चिरा, काळा दगड कुणी मुद्दाम खालून आणल्याशिवाय येत नाही. घोडेवाला, तोच मघाचा हसणारा, फावडं घेऊन धावत आला. दोघांनी मिळून माती काढली तसा पाच फूट लांबीचा अखंड उंबरा उघडा पडला. एवढं धूड गावाला वाहून नेता आलं नसणार. त्याच्या दोन्ही टोकांना एकेक गोल खळगा होता, आतून घासून घासून आरशागत गुळगुळीत झालेला. झुलत्या दाराचे खुंट त्या खळग्यांत फिरायचे. साहेबाच्या वेळचं सूप रोज ज्याच्यावरून आत गेलं ते दार हेच, याला आता दुसरा पुरावा नको होता.

सर खाली बसले. खळग्यात बोट घालून त्यांनी ते फिरवून बघितलं, एकदा, दोनदा, लहान मुलासारखं. धाकूबाबांची टाच जिथे होती तिथून उंबऱ्यापर्यंतचं अंतर त्यांनी टेपनं नाही, हातानं मोजलं. मग टोपी काढली आणि मला म्हणाले, "वही उघड. वाक्य लिहायचंय."

मी वही उघडली, पेन मात्र उघडलं नाही.

"लिही. माहिती देणारे, धाकू आखाडे, वेटर, फेअरलॉन हॉटेल. बावन्न वर्षांनंतर चूक, चार बोटं."

मी ते लिहिलं. अक्षर इतकं वाकडं आलं की पुढे टाइप करताना मलाच लागेना. घोडेवाल्यांनी टाळ्या पिटल्या, कुणीतरी शिट्टी मारली, वरच्या फांदीवरची माकडं घाबरून पळाली. मी धाकूबाबांकडे वळले, म्हटलं आता तरी हा माणूस हसेल. तर ते ट्रे धरून तसेच उभे. आठ बशा भरलेल्या, थेंबभरही सांडलं नव्हतं.

"ठेवा ना खाली," मी म्हणाले.

"जरा सरका," ते म्हणाले, "सूप निवतंय."

ते उंबरा ओलांडून आत गेले. आत म्हणजे रानातच, पण आम्ही सगळे आपोआप बाजूला झालो, टेबलांमधून वाट द्यावी तसे. कड्याच्या बाजूला, जिथून खाली सगळं खोरं दिसतं, तिथे एका सपाट दगडापाशी ते थांबले आणि मागे वळून म्हणाले, "येसू, हितं बस गो. सहा नंबरचं टेबल."

"चला, काय तरीच. लोक बघतायत," येसूआजी म्हणाली. पण ती गेली. दगडावर बसली, पदर सारखा केला. धाकूबाबांनी डाव्या बाजूनं वाकून पहिली बशी तिच्यापुढे ठेवली.

तेव्हा कुठे मला सगळं कळलं, आणि तेही आजीनंच सांगितलं, बशीकडे बघत, हळू आवाजात. ती लग्नाआधी फेअरलॉनला सरपणाची मोळी घालायची. मोळीवालीनं स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी मोळी टाकायची आणि परत फिरायचं, पुढे पाऊल टाकायची सोय नव्हती. एकदा या वीस वर्षांच्या वेटरनं तिला म्हटलं होतं, एक दिवस तुला आत नेईन, खिडकीशी बसवीन, खाली खोरं बघत सूप पी. पुढच्याच महिन्यात हॉटेल जळालं. आगीनंतर त्यांचं लग्न झालं, संसार झाला, पोरं झाली, आणि हा माणूस आपला पन्नास वर्षं त्या हॉटेलाच्या गोष्टी सांगत राहिला. "मला वाटायचं, गरिबाची चेष्टा केली ह्यांनी," ती म्हणाली. "असलं एवढं मोठं काय नसंलच."

धाकूबाबांनी उरलेल्या बशा वाटल्या, एक सरांना, एक मला, एक त्या घोडेवाल्याला. आम्ही मातीत मांडी घालून बसलो. सरांनी पहिला भुरका मारला आणि डोळे मिटून घेतले. मीठ चांगलंच कमी होतं, पण ते सांगायची कुणाची छाती नव्हती.

येसूआजीनं बशी दोन्ही हातांनी उचलली आणि शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन संपवली. तोंड पुसलं. खालच्या खोऱ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग रिकामी बशी नवऱ्याच्या हातात दिली आणि दगडावर ऐसपैस सरकून बसली.

"मग?" ती म्हणाली. "ह्याच्या मागून काय वाढायचे सायबाला? सांगा आता सगळं. मला काय घाई नाय."